सरदेसाई सरांसाठी पांढरी दोरी

८ जानेवारी, सोमवार
मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येणार, त्यांना 'मैदानातलं गणित' दाखवायचंय. खूश झाले. म्हटलं, कधी घेऊ तास?
"तुम्ही नाही हो. सरदेसाई सर घेतील. त्यांचाच उपक्रम आहे ना."
त्यांचाच! दिवाळीआधी याच माणसानं तक्रार केली, की मी चौथीची पोरं उन्हात हुंदडवते. तेव्हा माझा मैदानातला तास बंद. दोरीनं मैदान मोजणं, पावलांनी ओटा मोजणं, सगळंच. आता साहेबांना आवडतं म्हटल्यावर उपक्रम यांचा. वर, "मुलं मात्र तुमचीच द्या, त्यांना सवय आहे."
जेवण गेलं नाही.

१० जाने.
ह्यांना सांगितलं. म्हणे, सोडून दे. सोडायला मी काय संत आहे?
स. सर स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर: "अहो बाई, तुमची ती दोरी मळलीय. साहेबांपुढे बरी दिसत नाही. नवी करून द्या, पांढरीशुभ्र."
देते ना.
तक्तासुद्धा रंगवून तयार. 'आपल्या मैदानाची परिमिती: १२० मीटर.' मोजायच्या आधीच उत्तर. मुलगी बघायला जायच्या आधी पत्रिका छापल्यासारखं. आकडा आमचाच, ऑगस्टमध्ये मुलांनी काढलेला.

१३ जाने., शनि.
मंडईमागून सुती दोरी आणली. टेप लावून मीटरमीटरवर गाठी मारल्या, अगदी काटेकोर. मग बादलीत भिजत घातली. कोरं सूत पाण्यात पडलं की आटतं, हे आईच्या शिलाई मशीनपाशी बसून शिकलेय. ब्लाउज शिवण्याआधी कापड भिजवतात ते उगीच नाही.
गच्चीत वाळत घातली तर शेजारच्या काकू: "कपड्यांसाठी एवढ्या गाठी कशाला हो?"
म्हटलं, "माणूस वाळत घालायचाय."
वाळल्यावर टेप लावून पाहिली. गाठी चांगल्या जवळ आल्यात. फार बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१७ जाने.
झालं एकदाचं.
मी मागे, कडुलिंबाखाली. सर टाय लावून. मृण्मयीच्या गटानं दोरी धरून मैदानाला फेरी घातली. उत्तर एकशे सत्तावीस. सर हसले, "पुन्हा मोजा बाळांनो." पुन्हा तेच. साहेबांनी चष्मा काढून तक्त्याकडे पाहिलं, मग सरांकडे. काय तो चेहरा! दिवाळीपासून वाट पाहत होते मी या चेहऱ्याची.
मग सर वाकून मृण्मयीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: "एकशे वीस म्हण."
"पण सर, तेवढं आलं नाही ना. बाई म्हणतात, मोजून येईल तेच लिहायचं."
सर लालबुंद. "साहेब, ही मुलगी जरा ढच आहे."
ढ! माझ्या वर्गातली सगळ्यात नेटकी पोर. सगळ्यांसमोर रडली. आणि मी झाडाखाली... बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर...

१८ जाने.
स. सर मोठ्या बाईंना सांगत फिरताहेत, की चौथी कच्चीच आहे, बाईंनी नुसतं उन्हात खेळवलं. म्हणजे तेही माझ्याच डोक्यावर. या माणसाला मी अजूनही सोडणार नाही. कालचं मला त्याच्यापुरतं तरी गोडच लागलं, खोटं कशाला लिहू.
मधल्या सुट्टीत मृण्मयी आली. डोळे सुजलेले.
"बाई, माझं काय चुकलं?"
"काही नाही गं."
"मग मैदान वाढलं का?"
ती तिथंच उभी, वेणीचं टोक चावत. मग म्हणाली, "तुम्हीच सांगितलंय ना, उत्तर पटलं नाही तर आधी माप तपासायचं. टेप द्या ना. मला दोरी मोजायचीय."
दोरी आटलीय हे तिला दहा मिनिटांत कळेल. मग ती विचारेल, कुणी भिजवली.
म्हटलं, टेप कपाटात आहे, किल्ली घरी राहिली. "उद्या आणाल?" म्हणाली. हो म्हटलं.
किल्ली तेव्हा माझ्या पर्समध्येच होती.