बोटभर फट

१२ मार्च
आज खरवईत राहायला आलो. तिसऱ्या मजल्यावरचं हे घर दिपेशनं माझ्यासाठीच निवडलं. सातवा महिना आहे. डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत पडून राहायला सांगितलंय. उल्हासनगरला खोलीखाली जीन्सचा कारखाना होता, पलंगसुद्धा थरथरायचा. इथे खिडकीत फुललेली सावर आहे. तिच्या खोडावर एक लाकडी पेटी. भांड्यांना येणाऱ्या भागीरथीमावशी याच गावच्या. त्या म्हणाल्या, बिल्डिंगसाठी जुना उंबर तोडला तेव्हा धनेश पक्ष्यांची ढोली गेली, म्हणून मावशींच्या मुलानं ही पेटी बांधली.

१८ मार्च
धनेशाची मादी पेटीत शिरली आणि तिनं आतून चिखलानं दार लिंपून घेतलं. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवली. पिल्लं वाढेपर्यंत ती निघणार नाही. आत तिची पिसंही गळतात. नर आधी आमच्या कठड्यावर बसतो, मग पेटीकडे झेपावतो. घशातून एकेक उंबर काढून तिला भरवतो. आज बावीस खेपा. दिपेशला सांगितलं तर तो म्हणाला, मी रोज चिकू आणतो ते कुणी लिहून ठेवत नाही.

२६ मार्च
कबुतरांच्या घाणीला कंटाळून दिपेशनं बाल्कनीला जाळी बसवून घेतली. मावशींनी विचारलं, आता नर कुठे बसणार. मी म्हटलं, बसेल कुठेतरी.

२७ मार्च
सकाळी दहाला नर जाळीत अडकला. एक पंख आणि मान. कात्री हाताशी होती. पण जाळीवाला बजावून गेला होता की एक दोरा कापला तर सगळी सैल पडते. दिपेशला फोन केला. तो म्हणाला, हात लावू नकोस, संध्याकाळी बघतो. मी खुर्ची घेऊन बसले. अकरापर्यंत नर शांत झाला.
पेटीतली चोच दिवसभर बाहेर होती.

२८ मार्च
मावशींनी जाळी कापली, त्याला पदरात घेतलं. कात्री कठड्यावर ठेवली. जाताना म्हणाल्या, "नवऱ्याच्या भरवशावर दार लिंपलंन तिनं. आता तिला कोण भरवणार, ताई?" उद्यापासून येणार नाही म्हणाल्या. दिपेशनं जाळीचं भोक दुहेरी दोरीनं बांधलं. पेटीपर्यंत चढायला रविवारी शिडी आणतो म्हणाला.

३० मार्च
रविवार. दिपेश दिवसभर झोपला. चोच बाहेर आहे, हलत नाही. मला चिकू गोड लागला नाही.

२ एप्रिल
पेटीचं दार फुटलंय. आतून. झाडाखाली लांब पिसं पडली आहेत, उडायची. मग ती गेली कशी?

४ एप्रिल
दुपारी झोपून उठले. दाराच्या चौकटीला ओला चिखल. पुसला. दिपेश म्हणाला, वाळवी असेल.

५ एप्रिल
पुन्हा चिखल. तुळशीची कुंडी रिकामी. माझ्या नखांत माती—

७ एप्रिल
दिपेश रात्रपाळीहून आलाय. दार उघडत नाही. कडेनं लिंपलंय, सिमेंटसारखं. बाल्कनीचं दारही. तिथे फक्त बोटभर फट. तो बाहेरून म्हणतो, "नेत्रा, मस्करी पुरे, दार खोल." मी ओरडतेय, एका हातानं लिहितेय आणि दुसरा लिंपतच आहे. थांबत नाही—

दिपेश वरच्या घराच्या बाल्कनीतून उतरला. त्याच दुहेरी दोरीत अडकला. एक हात आणि मान. चिकूची पिशवी खाली पडली.

कात्री कठड्यावर. माझी बोटं फटीतून पोचत नाहीत—

कात्रीशेजारी ती मादी बसली आहे. पंख उघडेबोडके, नुसती कातडी. काही करत नाही. बघते. मी बघितलं होतं तसं.

दहा वाजून गेले. अकरापर्यंत—