सर्वांसाठी खुलं

बाबा, मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता चिडणं बरं दिसत नाही हे मला कळतं. आईनेही काल सुनावलं, "गेलेल्या माणसावर कसला राग काढतेस, जेवून घे आधी." पण विद्यापीठात माझी फजिती झाली की मी तिचं कारण शोधत मागे मागे जाते, आणि दर वेळी तिथे तुम्हीच उभे असता, कारखान्याचा निळा शर्ट घालून, स्कूटरला किक मारत.

मला दमा होता म्हणून तिसरीपर्यंत शाळेत घातलं नाही, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की तुम्हाला मला स्वतः शिकवायचं होतं. मंडीदीपच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून तुम्ही मिसरोदच्या घरी यायचात, हाताचं ग्रीस आधी रॉकेलने आणि मग साबणाने काढायचात, आणि शहरात कुठे फुकट व्याख्यान असेल तर मला पुढे उभी करून स्कूटर काढायचात. इतिहास, नाटक, तत्त्वज्ञान, काहीही चालायचं. माझ्या आठव्या वाढदिवसाला शेजारच्या मुलींसारखा फ्रॉक मिळेल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही मला शिलालेखांवरच्या व्याख्यानाला नेलंत आणि वर म्हणालात, "ही तुझी भेट." आई त्यावर दोन दिवस तुमच्याशी बोलली नव्हती.

सभागृहाबाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं की प्रवेश सर्वांसाठी खुला आहे. तरीही तुम्ही दारातल्या चौकीदाराला विचारायचात, "भैया, अंदर बैठ सकते हैं?" तो हो म्हणाला की मागच्या रांगेतली कडेची खुर्ची पकडायचात. मी पुढे जाऊ या म्हणाले तर म्हणायचात, "आपण बाहेरचे. पुढच्या खुर्च्या त्यांच्या माणसांना लागतात." वाचता येत होतं ना तुम्हाला? मग विचारायचं कशाला? त्या वयातही मला त्या विचारण्याची चीड यायची, आणि आजही लिहिताना येते आहे.

घरी आल्यावर खरी शाळा भरायची. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही ओट्याला टेकून उभे आहात, मी कणकेच्या डब्यावर बसले आहे. "हं, काय म्हणाले ते?" मी सांगायला लागते. "सर म्हणाले की तो राजा दुष्ट होता." तुमची मान वर होते. "असं म्हणाले?" मी आठवून बघते. "नाही. मला वाटलं." "मग तसं सांग. ते काय म्हणाले हे आधी, तुला काय वाटलं हे नंतर. दोन्ही कालवायचं नाही." आई लाटणं थांबवून म्हणते, "अहो, आठ वर्षांची आहे ती. तिला जेवू द्या." पण तुम्ही रेटून नेता. आणि एकदा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मीही वाजवल्या, तर परतीच्या वाटेवर सिग्नलला स्कूटर थांबवून तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "काय कळलं तुला?" मी म्हणाले, काहीच नाही. "मग टाळ्या कोणाला दिल्यास?" तुम्ही ओरडला नव्हतात. ओरडला असतात तर मी विसरून तरी गेले असते.

या शिक्षणाचं पुढे काय झालं ते ऐका. मी आता विद्यापीठाच्या मानव्यविद्या विभागात शिकवते. अतिथी म्हणून, म्हणजे दर सत्राला नेमणूक नव्याने होते आणि दर सत्राला मला झोप लागत नाही. कोणी सहज काही विचारलं तरी मी "मला वाटतं", "बहुधा", "नक्की सांगता येणार नाही, पण" असं करत उत्तरापर्यंत पोहोचते, तोवर विचारणारा निघून गेलेला असतो. विभागप्रमुखांनी मला एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "मैडम, आप चाय भी पूछो तो फुटनोट के साथ बताती हैं." सगळे हसले. मी मनात म्हटलं, बाबांना विचारा.

यंदा विभागाने साकेत नगरच्या सभागृहात दर शुक्रवारी दुपारी खुली व्याख्यानमाला सुरू केली आणि ती माझ्या गळ्यात घातली. पहिल्या व्याख्यानाला मागचं अर्धं सभागृह रिकामं होतं, पुढे हजेरीच्या भीतीने आलेली मुलं मोबाइल बघत बसली होती. विभागप्रमुख म्हणाले, पुढच्या वेळी जनता दिसली पाहिजे, नाहीतर माला बंद आणि ती चालवणाऱ्यांचाही विचार करावा लागेल. "पूरे इलाके में पोस्टर लगवाइए." आता पूरे इलाके में म्हणजे पूरे इलाके में, असं तुम्हीच मला शिकवलंत. मी स्वतः फिरून पोस्टर लावली. सोसायट्यांच्या फाटकांवर लावली, ग्रंथालयात लावली, आणि मोठ्या इस्पितळासमोरच्या औषधांच्या दुकानांवर, चहाच्या टपऱ्यांवर, धर्मशाळेच्या भिंतीवरही लावली. सबके लिए खुला, असं त्यावर लिहिलं होतं. मजकूर माझा नव्हता.

पुढच्या शुक्रवारी सभागृह भरलं. सोसायट्यांमधून दोन निवृत्त गृहस्थ आले होते, बाकी सगळे इस्पितळातले. रुग्ण नव्हेत, रुग्णांची माणसं. कोणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, कोणाच्या खांद्यावर घडी केलेली चादर, कोणी स्टीलचा डबा घेऊन. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आमच्याकडे पंखे होते. दारात एक बाई थबकली. पन्नाशीची असेल, निळी सुती साडी, पायात पुरुषी चपला. तिने मला विचारलं, "मैडम, अंदर बैठ सकते हैं?" बाबा, माझा आवाज इतका चढला की ती दचकली. "पूछना क्यों है? लिखा तो है! आगे बैठिए!" ती बिचारी भेदरून थेट दुसऱ्या रांगेत जाऊन बसली.

व्याख्यान जुन्या काळी नर्मदा ओलांडून दक्षिणेकडे गेलेल्या प्रवाशांवर होतं. वक्ते बाहेरगावचे प्राध्यापक, सुरुवातीला कागदातून डोकं वर काढेनात. मागे कोणाचा फोन वाजला, कोणी जोरात सांगितलं की रिपोर्ट अजून आला नाही, एक माणूस तोंड उघडं टाकून झोपला. मी हातात माइक घेऊन भिंतीशी घामाघूम. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा त्या निळ्या साडीवाल्या बाईने हात वर केला. विभागप्रमुखांनी मला डोळ्यांनी नको म्हटलं. मी माइक दिला.

"वो जो आदमी सराय में बीमार पड़ गया था," ती म्हणाली, "वो घर पहुँचा कि नहीं?"

प्राध्यापक म्हणाले, "इस विषय में स्रोत मौन हैं."

"मतलब?"

"मतलब, पता नहीं."

"तो आप इत्ती देर से उसी की बात कर रहे थे, और पता नहीं?"

सभागृह खदखदून हसलं, झोपलेला माणूसही जागा होऊन हसला. प्राध्यापकही हसले, आणि मग कागद बाजूला ठेवून पहिल्यांदाच नीट बोलले, की अशा अर्ध्यावर सुटलेल्या माणसांमुळेच ते या विषयात अडकले. तेवढं मला मनापासून आवडलं. ते काय म्हणाले आणि मला काय वाटलं, हे मी वेगवेगळं सांगते आहे, बघा.

नंतर चहाच्या टेबलाशी विभागप्रमुखांनी मला गाठलं. "मैडम, ये आप किनको ले आईं?"

"सर, जनता."

"ये जनता नहीं है. ये अस्पताल के लोग हैं. पंखे के लिए आए हैं. जनता मतलब शहर के प्रबुद्ध नागरिक."

"सर, पोस्टर पर सबके लिए लिखा है."

"अरे, वो तो लिखना पड़ता है!"

ते खलनायक नाहीत, हेही सांगायला हवं. माझ्या आजारपणात त्यांनी माझे तास स्वतः घेतले होते. त्यांना खरंच कळेना की मला काय कळत नाही. त्यांनी ठरवलं की आता दारात ओळखपत्र बघायचं आणि अनोळखी माणसाला नम्रपणे परत पाठवायचं. पोस्टर तसंच राहू द्यायचं. दारात कोण उभं राहणार? मी. पुढच्या सत्राच्या नेमणुका याच महिन्यात आहेत, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. तशी गरजही नव्हती. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ते सांगतात तसं कर. घराचा हप्ता तुझे बाबा वरून भरणार नाहीत." तिचंही बरोबर आहे. आठवडाभर मी सगळ्यांचं बरोबर कसं आहे तेच मोजत बसले, आणि दम्यानेही कधी लागला नव्हता तेवढा दम लागला.

काल शुक्रवार होता. मी दारात उभी, विभागप्रमुख शेजारीच पाहुण्यांची वाट बघत. दोन पोरगे आले, ओळखपत्र नव्हतं, मी त्यांना परत पाठवलं. नम्रपणे. एक म्हातारे आले, त्यांनाही. ते पोस्टरकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि पायऱ्या उतरून गेले. मग ती आली. तीच निळी साडी, हातात डबा. या वेळी तिने विचारलं नाही, सरळ आत निघाली, मीच सांगितलं होतं ना तसं. गेल्या शुक्रवारचा तिचा चेहरा विभागप्रमुखांच्या लक्षात नव्हता. ते म्हणाले, "ये कौन?"

"मेरी मौसी हैं, सर."

मला कळायच्या आत ते माझ्या तोंडून निघून गेलं होतं. ते चक्रावले. "आपकी मौसी? आप तो महाराष्ट्र की हैं."

मला या कामाचा सराव नाही. ती बाई मात्र जागच्या जागी वळली आणि म्हणाली, "ब्याह के इधर आ गई थी, साहब. पिपरिया में." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून, "दुबला गई है लड़की. खिलाते नहीं क्या यहाँ?"

साहेब बाजूला झाले. चक्क नमस्कार केला त्यांनी तिला.

इतकं सगळं करून ती आत गेली आणि पहिल्या दहा मिनिटांत झोपली. बारीक घोरतही होती. मी भिंतीशी उभी राहून जळफळत होते. त्या म्हाताऱ्यांना घालवलं, हिच्यासाठी खोटं बोलले, नेमणूक पणाला लावली आणि ही झोपते! मग मी जवळ गेले तर दिसलं की झोपेतही तिने डबा दोन्ही हातांनी मांडीवर घट्ट धरला होता. तिच्या शेजारचा मुलगा व्हिडिओ बघत होता, त्याला मी आवाज बंद करायला लावला.

संपल्यावर ती ताजीतवानी उठली. नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं आहे, जखम भरत नाही, डॉक्टर रोज उद्या बघू म्हणतात. चहाबरोबर मिळालेला समोसा तिने स्वतः खाल्ला नाही, कागदात बांधून घेतला. "उनको तो मना है," ती म्हणाली, "बगल वाले बिस्तर के लड़के को दे दूँगी." पायऱ्या उतरता उतरता वळून तिने विचारलं, "अगले शुक्कर को भी है न, बेटा?" मी हो म्हणाले. विषय कोणता, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितला नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं असतं हे तुम्ही मला शिकवलं नाहीत, तेव्हा ते टेबलाच्या खणात जाईल. फक्त एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही, ती इथे लिहून ठेवते. त्या बाईच्या नवऱ्याची जखम लवकर भरावी आणि दोघांनी या आठवड्यात पिपरियाची गाडी धरावी, असं मला वाटायला हवं. मी कालपासून तसं वाटून घेण्याचा प्रयत्न करते आहे. पण ती पुढच्या शुक्रवारी यावी, असंच वाटतंय.