वडावरची वाघळं आणि गोजरआत्याची साडी

मळा, लासुर्णे

चि. अंजलीस,

तुझ्या ज्ञानदेवकाकाचा जयभीम आणि भरभरून आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल, जेवण वेळेवर होत असेल आणि प्रयोगशाळेतल्या वटवाघळांचंही उत्तम चाललं असेल. (तुझी काकू म्हणते, आधी पोरीच्या जेवणाचं नीट विचारा, वाघळं उपाशी राहणारी जात नव्हे.) फोन केला की "काका, लॅबमध्ये आहे" म्हणतेस, म्हणून लिहायला बसलो. कारण तसंच गंभीर आहे. कालव्याकडेचा आपला वड तोडायचा घाट घातला गेलाय.

झालं असं, की कुणीतरी मोबाईलवर वाघळांपासून पसरणाऱ्या विषाणूचा एक निरोप फिरवला आणि लोक घाबरले. बापूसाहेबांनी (कालव्यापलीकडचे पेरूवाले, वाघळं पेरू खातात म्हणून आधीच तापलेले) ग्रामसभेत वडाचा विषय घ्यायला लावला. आता सख्खी पुतणी वाघळांवर पीएचडी करत असताना मी गप्प कसा बसणार? मागं तू मला सगळं समजावलं होतंस, त्यातलं निम्मं तरी आठवत होतं. तेवढ्या भांडवलावर उभा राहिलो.

आधी सांगितलं, की वाघूळ हा पक्षी नव्हे, पिलाला दूध पाजणारं जनावर आहे. काही कोटी वर्षांत त्याच्या हाताची बोटं लांबत गेली, मधली कातडी ताणली गेली आणि पंख झाला. हे दाखवायला मी येताना डाळिंबावरची एक साडी काढून आणली होती. (उन्हानं फळ करपू नये म्हणून आपण बागेवर जुन्या साड्या टाकतो, तुला ठाऊकच आहे.) हातात बांबूच्या काड्या धरून ती ताणली. पंख झकास जमला. पण समोर बायकांत बसलेली तुझी गोजरआत्या ताडकन उठली. गेल्या वर्षी हरवलेली तिची मोरपंखी साडी होती ती, आणि बागेवर साड्या टाकल्या होत्या तुझ्या काकूनं. पुढची दहा मिनिटं सभेत वडाचा विषय नव्हता.

मी घाईघाईनं मूळ मुद्द्यावर आलो. उडायला ताकद फार लागते, अंग तापतं, पेशींची मोडतोड होते. त्या प्रत्येक मोडतोडीवर शरीर भडकलं तर वाघूळ टिकायचंच नाही. म्हणून त्याच्या अंगानं भडकणं कमी केलं, पहारा मात्र कायम ठेवला. त्यामुळे विषाणू आत राहतो पण माजत नाही, असा तुम्हा शास्त्रज्ञांचा कयास. उष्टं फळ खाऊ नका, मेलेल्या वाघळाला हात लावू नका, आणि त्यांना हुसकावू नका, कारण हैराण झाली की ती विषाणू जास्त बाहेर टाकतात, हेही सांगितलं. लोक कोऱ्या चेहऱ्यानं बघत होते. सोपं करावं म्हणून म्हणालो, आमचंच घर बघा. गोजरताई चाळीस वर्षं आमच्यात आहे. माझी बायको अक्काबाई भडकत नाही, पण लक्षही काढत नाही, म्हणून घर सुखात आहे. सगळी सभा हसली. आपण थोरल्या बहिणीला विषाणू म्हणून बसलो, हे मला खाली बसल्यावर कळलं. तेव्हापासून त्या दोघी एकमेकींशी गोड आहेत आणि मला आमटी अळणी मिळते.

तुझा,
ज्ञानदेवकाका

ता. क. रविवारी दहा वाजता पुन्हा सभा आहे. कुणा जाणकारानं येऊन सांगितलं तरच वड राहील. तू येणार असं मी सांगून टाकलंय. शनिवारीच ये.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करायच्या आधी तुझ्या काकूनं हे पत्र आत्याला वाचून दाखवलं, आणि दोघींनी माझ्या हातात पुन्हा पेन दिलंय. खरं असं, की रविवारी काही नाही. निकाल त्याच दिवशी लागला. हसणं थांबल्यावर आत्या पुढं येऊन म्हणाली, "मी इषाणू, तर ती वाघळं माझं म्हायेर. म्हायेरच्या झाडाला कोन हात लावतंय, मला बघायचंय." बापूसाहेबांनीच विषय मागं घेतला. मी खोटं लिहिलं, कारण चौदा एप्रिलला बोलावलं तर तुला सुट्टी नव्हती, आत्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनलाही नव्हती, पण वडावरची वाघळं मोजायला तू एका दिवसात आली होतीस. त्याला दोन वर्षं झाली, पोरी. आम्हाला वाघळांबद्दल काहीसुद्धा विचारायचं नाही. तुला बघायचंय.