आडाचं रीडिंग

३ जानेवारी १९८३, उदगीर
नव्या लातूर जिल्ह्यातल्या या लहानशा कॉलेजात आजपासून भौतिकशास्त्राचा प्रयोगशाळा परिचर. देगलूरला वीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं पुस्तकांतून, स्वतः. आल्या आल्या व्हर्नियर मोजपट्टीची शून्य-त्रुटी पकडून दिली, विभागप्रमुख शंकरप्पा सर बघतच राहिले. पोरं मला ‘मामा’ म्हणतात. शेवटच्या वर्षाची पंचशीला तेवढी ‘सर’ म्हणते. बरं वाटलं.

६ जानेवारी
दुष्काळात आडांची पातळी मोजायचा पंचशीलाचा प्रकल्प आहे. दगड सोडायचा, आवाज येईपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचवर घ्यायचा, त्यावरून खोली काढायची. कॉलेजमागच्या कोरड्या आडाचं रीडिंग १.६ सेकंद. म्हणजे चाळीस फूट. आकडेमोड मी पडताळली. बरोबर.

११ जानेवारी
काल तिला १.८ आलं, आज २.०. म्हटलं, आड काय वाढून राहिला का बाई? तुझा अंगठा उशिरा पडतो. म्हणाली, सर, तुम्हीच एकदा घेऊन बघा की. शिपाई केरबा मध्येच बोलला, या आडाला दोरी कधी पुरलीच न्हाई, दरसाली नवा तुकडा जोडून गाठ मारून राहिलो. अडाण्याचं मोजमाप! मी रीडिंग घेतलं नाही. दोन्ही आकडे खोडले, १.६ लिहिलं, सही केली.

१७ जानेवारी
टेपनं खोली पडताळायला पंचशीला स्वतः आडात उतरली. स्टॉपवॉच गळ्यात. स्टोअरमधला दोर अडतीस फूट. माझ्या आकड्यावरून पुरे, म्हणालो. दोर संपला. खालून विचारलं, पाय टेकून नाही राहिले सर, दोर सोडू का? केरबा म्हणाला, वढून घ्या. मी ओरडलो, दोनच फूट आहे, सोड.
बारा वाजून दहा मिनिटं. तिनं सोडलं.
आवाज आला नाही.

१९ जानेवारी
पोलीस उतरले. तळ चाळीस फुटांवरच. कोरडा. ती नाही— स्टॉपवॉचही नाही.
तिची आई नागुबाई आडाजवळ बसून आहे. एवढंच विचारते, सर, तुमीच मापलं हुतं ना?

२१ जानेवारी
केरबानं दगड सोडला. १.६. मी सोडला— काहीच नाही. पुन्हा— नाही.

२२ जानेवारी
बारा दहा. आडातून टिकटिक. मग तिचा आवाज.
सर, अजून पडून राहिले, तळ येऊनच नाही राहिला, म्हणते. घड्याळ चालूच आहे. पाच दिवसांचे चार लाख बत्तीस हजार सेकंद. हा आकडा तरी खोडू नका—
शाईनं लिहितोय. चार लाख बत्तीस हजार एक. चार लाख बत्तीस हजार दोन. चार ला—