शेजारी गेलेली वाटी

चैत्र वद्य पंचमी, फसली १३४६, मुडबी

कितीतरी दिवस या वहीला हात लावला नाही. कारण आळस, दुसरं काय. आज मात्र लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

अवकाळी पावसानंतर आमच्या पडलेल्या आंब्याच्या खोडावर शिंपल्यांसारखी पांढरी अळंबी फुटली होती. सकाळी काढून आणली. सगळी खोडावरचीच होती ना? एकदोन बुडाशी, मातीतून आल्यासारखी होती, आणि मातीतली कधी विषारीही निघतात. हे आठवलं जेवणं झाल्यावर. तोवर हिने शेजारच्या माणिकअण्णांकडे वाटीभर कालवण पाठवूनही दिलं होतं.

आम्हाला काही झालं नाही. पण अण्णांचं दार दुपारभर बंद, आणि वाटीही परत येईना.

"एवढं कामून घाबरायलात? जाऊन बघा की," ही म्हणाली.

गेलो नाही. जाऊन काय विचारणार, बरे आहात ना? आणि का विचारतो, हे कसं सांगणार? खोडावरचीच होती ना सगळी?

दिवेलागणीला अण्णा स्वतःच आले. वाटीत दही.

"मोकळी वाटी कशी द्यावं मास्तर? दही लागायची वाट बघायलो होतो. तुमचं कालवण खाऊन घरदार झोपलं बघा दुपारी. पुन्हा गावलं तर आमाला इसरू नका."

मी नुसता हसलो. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पण हा माणूस आता माझ्या भरवशावर पुन्हा खाईल.

उद्या: मला खात्री नव्हती, हे अण्णांना सांगणे.