मी नाचत न्हाई, गिरकी घेतो

अन् मी नाचत न्हाई आक्का, गिरकी घेतो, हे एकदा नीट ऐकून घे. नाचणारा मांडवभर फिरतो, आमाला एका जागीच फिरावं लागतंय. (रागात नमस्कार राहिला. तुला दंडवत, दाजींना रामराम. काळी शेळी व्याली का, कळव.) माझा पडल्याचा व्हिडिओ मीच पाठवला, हसशील म्हणून. तू रडलीस, 'ह्यो तिकडं जाऊन नाचतोय अन् पडतोय' म्हणलीस, असं दाजी म्हणले. तवापसून फोन उचलत न्हाईस, म्हणून हा कागद.

इथं गुडगावच्या मॉलात बर्फाचं मैदान हाय अन् मी गिऱ्हाइकांना पात्याचे बूट देतो, एवढं तुला ठावं हाय. सकाळी मैदान उघडायच्या आधी हरिओम सर मला फुकट शिकवतात. (माझ्यापेक्षा लहान हायेत, पण सर.) संगट सहा-सात वर्षांची लेकरं. भिंगरीवानी फिरतात अन् मला म्हणतात, "अंकल, साइड!" सत्ताविसाव्या वर्षी अंकल! त्यात सगळी फिरतात डावीकडं, मी उजवीकडं. सरांनी लई खटपट केली, अंग वळंना. कसं वळंल? आरती झाली की खंडोबाम्होरं स्वतःभोवती फिरायला तूच शिकवलंस, खांद्याला धरून. उलट्या अंगानं फिरलो की टपली बी तुझीच. शेवटी सर म्हणले, "रहने दे अंगद, तू उलटा ही ठीक है."

गिरकी जमली का न्हाई, ते बर्फावरच्या रेघा सांगतात. चांगल्या गिरकीचे गोल बांगडीवर बांगडी ठेवल्यागत उमटतात. माझे म्हंजी गोगलगाय हिंडल्यागत. पण परवा सर म्हणले, हात हळूहळू आत घे. मी करडू उचलल्यागत छातीशी घेतले, अन् आक्का, असा गरारा फिरलो की मॉल दिसंना, नुसता उजेड. थांबून खाली बघितलं तर बांगडीवर बांगडी! लेकरांनी टाळ्या वाजवल्या. तुला सांगायला फोन काढला, तवा आठवलं, तू रुसलीस. (त्या नादात पडलो.)

तुझा लहान भाऊ,
अंगद

ता. क. ढोपराला काई झालं न्हाई. म्हंजी निळं पडलंय, पण चालतो.

आणखी ता. क. रविवारी सकाळी धा वाजता मोठ्या माणसांची परीक्षा हाय. एका पायावर तीन फेरे. फिरताना कुणाकडं बघायचं नसतंय, पण थांबल्यावर समोर बघावं लागतंय, अन् तिथं आपलं कुणीच नसलं की कसंतरी होतंय. मी व्हिडिओ कॉल लावीन. शिव्या दे, पण उचल. रिचार्ज संपलाय म्हणशील, म्हणून तीनशे रुपये पाठवतोय.