पाठीची चौकशी

हिंगोली
५ जानेवारी २०२५

ती. रामदादास,
वैष्णवीचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू ड्युटीचं निमित्त काढून सटकतोस आणि इकडे माझ्या खोलीतल्या मुली कान टवकारून बसतात.

परवा शिरडला आपल्या घरी कनेरगाव नाक्याचे पाहुणे मला पाहून गेले. द्वारका आत्याने आणलेलं स्थळ. मुलगा शिवप्रसाद, नाक्यावर धाबा आणि मागे शेती. बापू खूश आहेत. मला मात्र सगळंच खटकलं. स्वयंपाकाचं कोणी विचारलं नाही, उंचीचं नाही, रंगाचं नाही. मुलाच्या वडिलांनी, मल्हाररावांनी, पहिलाच प्रश्न टाकला की पोरीला पाठीची काही तकलीफ तर न्हाई ना. मग रातच्याला जागायची सवय हाय का, घाण वासाची किळस येती का. मुलाच्या चुलतीने माझा दंड दाबून पाहिला. आपले बापू बाजारात मेंढीलासुद्धा इतकं चाचपत नाहीत. लग्नानंतर दवाखान्यातली नोकरी चालू ठेवू का, असं मी विचारलं, तर शिवप्रसाद म्हणाला की घरी बी नोकरीच हाय. यावर सगळे हसले, बापूसुद्धा.

मुलाची आई आलीच नव्हती. ती औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेली म्हणे. दादा, जी बाई कनेरगावहून औंढ्यापर्यंत येते, तिला तसंच पुढे शिरडला येऊन होणारी सून पाहावीशी वाटत नाही? काहीतरी लपवतायत. तुला काही ठाऊक असेल तर सरळ कळव.

नांदेडला थंडी असेल, रात्रपाळीला स्वेटर घालत जा. आईची माया आहे तशी तुझीही राहू दे.

तुझी,
वैष्णवी

*

नांदेड
११ जानेवारी २०२५

चि. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र मिळालं. तू नर्स होण्याऐवजी पोलिसात जायला हवी होतीस. पेशंटला डबा आणणाऱ्या नातेवाइकांवरही तू संशय घेतेस, मग पाहुणे कुठून सुटणार! नर्स मुलगी पाहिल्यावर लोक तब्येतीचंच विचारतील. तुला काय, गाणं म्हणायला लावायला हवं होतं?

स्थळ चांगलं आहे. मुलगा निर्व्यसनी आहे. बापूंचं वय झालं, आता फाटे फोडू नकोस. तुझं झालं की माझंही मार्गी लागेल, हे लक्षात घे. आयसीयूत सध्या फार गर्दी आहे, म्हणून इतकंच लिहितो. रागावलीस तरी भाऊ म्हणून जवळ ठेव.

तुझा,
रामदादा

*

हिंगोली
१९ जानेवारी २०२५

ती. रामदादास,
सा. न. वि. वि.

तुझं कसं मार्गी लागणार, हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी वाशिमच्या गाडीत बसले आणि न कळवता कनेरगाव नाक्यावर उतरले. शिवप्रसाद गल्ल्यावर होता. मला पाहून त्याचा चेहराच उतरला. आधी चहा घ्या, मग भजी घ्या, असं करत तो मला पुढेच बसवून ठेवू लागला. तेवढ्यात मागच्या घरातून कण्हणं ऐकू आलं आणि मी सरळ आत गेले.

त्याची आई सत्यशीलाबाई खाटेवर होती. अर्धांगवायूने एक बाजू गेलेली. मुलगी दिपाली एकटीच तिची कूस बदलत होती, तर मी दुसऱ्या बाजूने हात लावला. मग दिपालीने सगळं सांगितलं. साटंलोटं ठरलं आहे, दादा. ती तुला द्यायची आणि तिच्या जागी मी त्या खाटेपाशी जायचं. आत्याने आणि बापूंनी मिळून ठरवलं आणि तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी तुला स्वेटर घालायचीसुद्धा आठवण करते, तू मात्र मला एवढंही सांगितलं नाहीस. मला तिथंच रडू आलं, रागाने.

आणखी ऐक. दिपालीला सांगितलंय की तू दवाखान्यात मॅनेजर आहेस. मी खरं सांगून टाकलं. आपण दोघं एकाच कॉलेजातून एकच शिक्षण घेऊन निघालो. माझं सर्टिफिकेट बापू पाहुण्यांपुढे मिरवतात, तुझं लपवतात. मेंढी अडली की बापू कोपरापर्यंत हात घालून कोकरू काढतात, तेव्हा ते काम बायकांचं नसतं का?

त्या घरात बाप आणि लेक असे दोन धडधाकट पुरुष आहेत. त्यांना खाटेपाशी नर्स हवी आहे आणि होणारा जावईच नर्स आहे. हे कोणाच्याच मनात आलं नाही, तुझ्याही नाही. काहून, ते मला सांग. तोवर माझ्याकडून लोभाची आशा धरू नकोस.

वैष्णवी

*

नांदेड
२४ जानेवारी २०२५

चि. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद. घ्यावेसे वाटले तर घे.

तू लिहिलंस ते खरं आहे. मुलींचे बाप माझा धंदा ऐकून हसतात. सेनगावच्या एकाने विचारलं होतं की दवाखान्यात साडी नेसता का. त्यानंतर बापूंनी मॅनेजर सांगायला सुरुवात केली आणि मी गप्प राहिलो. इथे पेशंट मला डॉक्टरसाहेब म्हणतात, तेव्हाही मी गप्पच राहतो. तुला मात्र सगळे 'ए सिस्टर' म्हणून हाक मारतात, हे मला ठाऊक आहे.

खाटेचं मला कळलं, तेव्हा मनात आलं की वैष्णवीला जमेल, बाईमाणूस आहे. मी, ज्याचं पोट याच कामावर चालतं, त्याने असा विचार केला. मला स्वतःची शरम वाटते आहे. पुढे काय करावं ते अजून कळत नाही. जमलं तर मला क्षमा कर.

राम

*

कनेरगाव नाका
३ फेब्रुवारी २०२५

ती. वैष्णवीताईंस,
दिपालीचा सा. न. वि. वि.

तुमचे भाऊ काल इथे येऊन गेले. कोणाला न कळवता, दवाखान्याच्या कपड्यांत. धाब्यावर जेवणारी गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत त्यांनी बाबांना सांगितलं की मी मॅनेजर नाही, नर्स आहे. बाबा भडकले, बायकांचं काम करणारा जावई आमाला न्हाई पायजे म्हणाले. खरं सांगते, मलाही वाटलं की हे तुम्ही पढवून पाठवलेलं नाटक आहे. म्हणून मी दारात उभी राहून त्यांच्या हातांकडेच पाहत होते.

आईने पदर तोंडावर ओढला आणि हात लावू दिला नाही. ते रागावले नाहीत. तुमची मर्जी असेल तेव्हाच, असं म्हणून ओसरीवर जाऊन बसले. दुपार कलल्यावर आईनेच त्यांना बोलावलं. वळवण्याआधी त्यांनी तिच्या अंगावर चादर ओढली, मग खांद्याला हात घातला. आमच्या घरात ते आजवर फक्त मलाच सुचत होतं. मी तिथंच रडले.

त्यांनी शिवप्रसादला पाय धरायला बोलावलं. तो गिऱ्हाईक आलंय म्हणून बाहेर निघून गेला. तेव्हा धाबा रिकामा होता, ताई.

आईला मी नांदेडला सोबत नेणार आहे. लोक जावयाला हसतील, म्हणून ती नको म्हणत होती. तुमच्या भावाने सांगितलं की लोकांच्या हसण्याची मला सवय झाली आहे. साटंलोटं मोडलं म्हणून बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

तुमच्या भावाला मी होकार कळवला आहे. माझ्या भावाला तुम्ही नकार कळवा.

उणंअधिक लिहिलं असेल तर पोटात घाला आणि नणंद म्हणून मला जीव लावा.

तुमची,
दिपाली